पालक, चीज आणि पथ्याची चिठ्ठी

आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात पथ्यापथ्याची छापील चिठ्ठी असते. पुष्कळदा ती औषधविक्रेत्या बंधूंनीच छापून दिलेली असते. वर दुकानाचे नाव, मध्ये 'पथ्य', आणि खाली 'वर्ज्य' या मथळ्याखाली दही, लोणचे, पापड, वांगे यांची परंपरागत रांग. या रांगेत गेल्या दोन दशकांत 'चीज, मैदा, बेकरीचे पदार्थ' हे नवे सभासद दाखल झाले आहेत. दाखल करून घेताना त्यांची गुणकर्मे कोणी तपासली असावीत असे मात्र दिसत नाही. रुग्ण ती चिठ्ठी आदराने घडी घालून खिशात ठेवतो आणि शनिवारी रात्री मुलाबाळांसमवेत उपाहारगृहात जाऊन चीजचाच एखादा पदार्थ मागवतो. सोमवारी आमच्यासमोर बसल्यावर तो ही गोष्ट सांगत नाही. न सांगण्याचे हे जे वळण पडत चालले आहे, ते आम्हांस त्या चीजपेक्षा अधिक अपायकारक वाटते. कारण रुग्णाने आहार लपवला की निदानपंचकातील हेतूच हातचा जातो, आणि मग आपण लक्षणांच्या मागे धावत राहतो.

म्हणून एकच पदार्थ घेऊन त्याची शास्त्राच्या कसोटीवर नीट तपासणी करावी, असा या लेखाचा हेतू आहे. पदार्थ आहे भट्टीत भाजलेले, चीजयुक्त, पालक आणि आर्टिचोकचे 'डिप', म्हणजे बुडवून खाण्याचे दाट तोंडीलावणे. हा पदार्थ मूळचा अमेरिकेतला. 1990 च्या दशकात तो तेथील साखळी-उपाहारगृहांच्या पत्रिकांवर सर्वत्र पोहोचला. पुढे मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांतही तो आला, आणि अमेरिकेत मुलाकडे जाऊन आलेल्या आजी-आजोबांनी तो तेथेच चाखलेला असतो. आता तो घरी करून पाहण्याची हौस वाढली आहे. 'वैद्यराज, घरी केले तर चालेल का?' हा प्रश्न आज ना उद्या प्रत्येकाच्या चिकित्सालयात येणारच आहे. त्याला 'नाही' हे उत्तर सोपे आहे, परंतु ते पुरेसे विचारपूर्वक दिलेले नसते.

मूळ कृती अशी: पालक उकडून घट्ट पिळायचा, आर्टिचोकच्या कोवळ्या गाभ्याचे तुकडे घालायचे, त्यात क्रीम चीज, मेयोनीज अथवा आंबट मलई, लसूण आणि किसलेले पार्मेझान वा मोझरेला मिसळायचे, आणि वरचा थर तांबूस होईपर्यंत भाजायचे. क्रीम चीज हे न्यूयॉर्क राज्यातील विल्यम लॉरेन्स याने 1872 च्या सुमारास बनविण्यास आरंभ केलेले, न मुरवलेले चीज होय. अमेरिकेच्या नियमांनुसार त्यात किमान 33 टक्के दुग्धस्नेह असावा लागतो. आर्टिचोक ही भूमध्यसागराच्या काठची, सूर्यफुलाच्या कुळातील काटेरी वनस्पती असून तिची न उमललेली कळी भाजीप्रमाणे खातात. तिची पाने युरोपातील वनौषधी-परंपरेत अग्निमांद्यावर व पित्ताशयाच्या तक्रारींवर वापरली जातात. हे वाचून कोणी या डिपला यकृताचे औषध ठरवू नये. पानाचा गुण डब्यातल्या खारवलेल्या कळीत येत नाही, आणि आला तरी तो दुग्धस्नेहाच्या एवढ्या राशीपुढे टिकणार नाही.

आता यातील पालकाकडे पाहू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात, अन्नपानविधीत, शाकवर्गातील एका मोठ्या गटात पालंक्येची गणना केली आहे. ती आजचीच पालक की तिच्या नात्यातील दुसरी, याविषयी द्रव्यगुणाच्या अध्यापकांत मतभेद आहेत. परंतु गटाचे गुण सर्वांना लागू आहेत: गुरू, रूक्ष, बहुधा विष्टंभ करून पचणारे, मधुर, शीतवीर्य आणि मलाचे भेदन करणारे. त्यापुढे आचार्य ते कसे खावे हे सांगतात. शाक उकडावे, त्याचा रस पिळून काढावा आणि भरपूर स्नेहासह त्याचे सेवन करावे, तसे केलेले प्रशस्त होय.

हा उपदेश आपण पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. आपल्या घरांतील पालकाच्या पातळ भाजीत, पालकाच्या सूपमध्ये किंवा सकाळी हिरवा रस पिणाऱ्यांच्या पेल्यात निष्पीडनाचा लवलेशही नसतो. उलट कच्च्या पालकाचा रस पिण्याचा सल्ला आपल्यातीलच काही मंडळी देताना आढळतात! आणि गंमत अशी की ज्या विदेशी पदार्थाला आपण चिठ्ठीवर एका फटक्यात वर्ज्य ठरवतो, त्याच्या कृतीत ही तिन्ही पदे क्रमाने जशीच्या तशी आहेत. तेथील स्वयंपाकी पालक उकडतो, फडक्यात घालून पीळ देऊन पाणी काढतो आणि मग स्नेहात घालतो. चरकसंहितेचे त्याला अर्थातच ज्ञान नाही. कच्च्या पालकात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, ते न काढल्यास भट्टीत स्नेहापासून फुटून वर येते आणि डिप पातळ होते, एवढेच त्याला ठाऊक आहे. परंतु संस्कार तोच आहे.

यावर आधुनिक आहारतज्ज्ञांचा आक्षेप येतो की पिळून काढलेल्या पाण्यात जीवनसत्त्वे वाहून जातात. काही जातात हे खरे. तथापि उकळल्याने पालकातील विद्राव्य ऑक्झलेटही बऱ्याच प्रमाणात पाण्यात उतरते, हेही तितकेच खरे आहे. ज्यांना कॅल्शिअम ऑक्झलेटचा मूतखडा वारंवार होतो त्यांच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही. म्हणून ते पाणी 'पौष्टिक' म्हणून आमटीत ढकलण्याचा काटकसरी गृहिणीधर्म येथे पाळू नये.

पालकापाशी शास्त्र अनुकूल आहे, दुधापाशी ते तसे नाही. येथे सरसकट 'विरुद्धाहार' म्हणून मोकळे होण्यापूर्वी काही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात दुधासह जी द्रव्ये एकत्र खाऊ नयेत म्हणून सांगितली त्यांत लवण आहे, अम्ल फळे आहेत. चरकाचार्यांनी मुळा, लसूण इत्यादी खाऊन दूध घेऊ नये, कुष्ठाचे भय आहे, असे स्पष्ट बजावले आहे. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात लवणाच्या अतिसेवनाविषयी बोलताना ते दुधासोबतही मीठ खाणाऱ्या प्रदेशांतील लोकांचा उल्लेख करतात आणि त्यांच्या ग्लानी, शैथिल्य, दौर्बल्याकडे बोट दाखवतात. तेव्हा मैदा, दूध, मीठ व लसूण यांचा जो पांढरा सॉस आपल्या उपाहारगृहांतील 'बेक्ड' पदार्थांचा पाया असतो, तो निःसंशय या निषेधाच्या कक्षेत येतो. त्यातही मुंबईच्या जुन्या उपाहारगृहांत लोकप्रिय असलेली अननस घातलेली बेक्ड मॅकरोनी हे तर संयोगविरुद्धाचे अध्यापनास योग्य असे उदाहरण आहे: दूध, लवण आणि अम्ल फळ एकाच ताटलीत. तिच्याविरुद्ध कोणी चिठ्ठी छापल्याचे आम्ही पाहिलेले नाही.

परंतु चीज म्हणजे दूध नव्हे. दूध नासून वा विरजून त्याचा घन भाग वेगळा केला की शास्त्र त्याला किलाट, तक्रपिंड अशी निराळी नावे देते आणि गुणही निराळे सांगते. पीयूष, मोरट व विविध किलाट हे गुरू, तर्पण, वृष्य, बृंहण व वातघ्न असून ज्यांचा अग्नी प्रदीप्त आहे आणि ज्यांना निद्रा येत नाही त्यांना ते सुखावह होत, असे चरकाचार्य म्हणतात. तक्रपिंड मात्र गुरू, रूक्ष आणि ग्राही. म्हणजे आचार्यांनी या द्रव्यांना वर्ज्य न म्हणता अधिकारी कोण ते सांगितले. दुधाचे निषेध यांत्रिकपणे किलाटास लावावेत की नाही, याविषयी आपल्यात दोन पक्ष आहेत. आमचा पक्ष असा की ज्या द्रव्यास आचार्यांनी स्वतंत्र नाव व स्वतंत्र गुण दिले, त्याचा विचार स्वतंत्रच व्हावा. दुसऱ्या पक्षाच्या सावधपणाचाही आम्ही आदर करतो, विशेषतः त्वग्विकारांत. तेथे आम्हीही चीज बंद करतो.

याच ओघात एका नव्या पंथाविषयी लिहिणे भाग आहे. 'आरोग्यदायी' म्हणवणाऱ्या पाककृतींत क्रीम चीजऐवजी चक्का घालून डिप भाजण्यास सांगतात. स्निग्धांश कमी होतो म्हणून सर्वजण प्रसन्न होतात. दही उष्ण करून सेवन करू नये, रात्री तर घेऊच नये, हा सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील निषेध येथे कोणास आठवत नाही. रात्रीच्या भोजनात तापवलेला चक्का म्हणजे एकाच वेळी दोन आज्ञांचा भंग. आमच्या मते या 'हलक्या' आवृत्तीपेक्षा मूळ अमेरिकन आवृत्ती अल्प मात्रेत घेणे अधिक बरे.

अल्प मात्रा आणि अधिकारी हे दोन शब्द आम्ही मुद्दाम वापरत आहोत. विरुद्धाच्या अठरा प्रकारांचे विवेचन करून झाल्यावर चरकाचार्य त्याच अध्यायात अपवादही देतात. सात्म्य झालेले, अल्प मात्रेतील, अथवा प्रदीप्त अग्नी असलेल्या, तरुण, स्निग्ध, व्यायामशील व बलवान मनुष्याने घेतलेले विरुद्ध निष्प्रभ होते. मैदानावर दोन तास घाम गाळणारा वीस वर्षांचा मुलगा आणि आमवाताने बोटे सुजलेली त्याची पन्नाशीची आई एकाच टेबलावर बसलेली असतात. चिठ्ठी दोघांना एकच.

देश आणि काल यांचेही तसेच. अमेरिकेत हे डिप विशेषत्वाने हिवाळ्यात खाल्ले जाते. फेब्रुवारीत होणाऱ्या सुपर बोल या फुटबॉल सामन्याच्या दिवशी तर ते घरोघरी असते. उत्तरेकडील राज्यांत तेव्हा बर्फ असते. हेमंतात अग्नी बलवान असतो, त्याला गुरू इंधन मिळाले नाही तर तो शरीरातील रसच जाळतो, म्हणून गोरस, इक्षुविकार, वसा, तैल व नवे तांदूळ यांचे सेवन करावे आणि पाणी उष्ण घ्यावे, हे ऋतुचर्येच्या सहाव्या अध्यायातील सूत्र त्या प्रदेशाला चांगलेच लागू पडते. आपल्याकडे मात्र हाच पदार्थ जुलैच्या पावसात, अग्नी मंद असताना, वातानुकूलित खोलीत, बर्फ घातलेल्या शीतपेयासह खाल्ला जातो. दोष डिपचा किती आणि त्या पेल्याचा किती, याचा निवाडा करायचा झाल्यास आम्ही पेल्याला अधिक दोषी धरू. थिजणारा स्नेह, वर हिमशीत जल आणि ऋतू वर्षा. यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आमाची लक्षणे दिसली नाहीत तरच नवल.

तर घरी कसे करावे? आमच्या घरी गेली काही वर्षे हे ज्या रीतीने होते ती येथे देतो. सहा जणांसाठी निवडलेला पालक अर्धा किलो घ्यावा. उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून निथळावा, गार झाल्यावर पंचात घालून पिळावा. श्रीखंडाचा चक्का बांधताना देतो तसा पीळ द्यावा, दोन मोठ्या जुड्यांचा ऐवज मुठीत मावेल इतका होतो. मग तो बारीक चिरावा. आर्टिचोक डब्यात मिळते, महाग असते आणि खारवलेले असते. आणायचेच असल्यास दोनदा धुऊन घ्यावे. आम्ही त्याऐवजी केळफूल वापरतो. दोन्ही मूलतः न उमललेले फुलोरेच, दोन्हीत पाकळ्यांसारख्या सालींचे थर, आणि दोन्हींत कषायानुरस. केळफुलाची वरची लाल साले काढून आतील कोवळा पांढरा गाभा चिरावा, ताकाच्या पाण्यात तासभर ठेवून उकडावा आणि तोही पिळून घ्यावा. उग्रपणा जातो.

क्रीम चीजच्या जागी दोनशे ग्रॅम घरचे ताजे पनीर. पनीर अम्लाने फाडलेले असल्याने उष्णतेने वितळत नाही, म्हणून ते कोमट पाण्याचे दोन-तीन चमचे घालून मिक्सरमधून लोण्यासारखे वाटावे लागते. हे न केल्यास डिप रवाळ होते. दोन मोठे चमचे तुपात जिरे, हिंग, किसलेले आले व भरड मिरी घालून त्यावर पालक व केळफूल परतावे, शेवटी वाटलेले पनीर मिसळावे. दूध नाही, मैदा नाही, लसूणही नाही. लसणाची उणीव हिंगाने पुष्कळ अंशी भरून निघते. वरून साठ ग्रॅम किसलेले चीज. एवढेच, आणि ते वरच, म्हणजे चव जिभेला प्रथम लागते आणि मात्रा माणशी दहा ग्रॅमपलीकडे जात नाही. वेगळे मीठ घालू नये. प्रक्रिया केलेल्या चीजच्या शंभर ग्रॅममध्ये सोडिअम बहुधा हजार मिलिग्रॅमच्या वर असते, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमांहून कमी आहे. ओव्हनमध्ये 180 अंशांवर वीस मिनिटे भाजावे. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पसरट भांड्यात झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटे ठेवावे. वरचा तांबूसपणा येणार नाही, चवीत फारसे उणे होत नाही. सोबत तळलेले मक्याचे त्रिकोणी चिप्स न घेता सोलापुरी कडक भाकरी मोडून घ्यावी. ज्वारी किंवा बाजरी, दोन्ही चालतात. सोबत गरम पाणी. उरले तर दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी संपवावे. समारंभात हे भांडे चार-चार तास टेबलावर निवत राहते, ते योग्य नाही.

कट्टर शाकाहारी व जैन रुग्णांसाठी एक सूचना. अस्सल पार्मिजानो रेज्जानो हे चीज नियमानेच वासराच्या जठरातील रेनेटाने बनवले जाते. आपल्या देशात बनणारे बहुतेक चीज सूक्ष्मजीवजन्य रेनेटाचे असते, तरी आयात डब्यावरील हिरवा ठिपका पाहूनच घ्यावे. रुग्ण हे आपल्याला विचारतात, तेव्हा उत्तर ठाऊक असावे.

काही रुग्णांना मात्र हे घरचे डिपही देऊ नये अथवा विचारपूर्वक द्यावे. आमवात, प्रतिश्याय, तमकश्वास, त्वग्विकार, स्थौल्य यांत निषेध उघड आहे, विस्तार नको. वॉरफरिन घेणाऱ्या हृद्रोग्याने पालक एकदम वाढवू वा तोडू नये, कारण त्यातील 'के' जीवनसत्त्वामुळे औषधाची मात्रा बिघडते. आणि ज्याकडे फारसे लक्ष जात नाही असा एक मुद्दा क्षयरुग्णांचा आहे. आयसोनियाझिड चालू असताना मुरवलेल्या चीजमधील टायरामीनामुळे चेहरा लाल होणे, धडधड, डोकेदुखी, रक्तदाब वाढणे असे उपद्रव होऊ शकतात. क्षयरुग्ण कृश असतो, घरचे त्याला बृंहणासाठी चीज खाऊ घालतात, आणि आपणही मान डोलावतो. त्याच्यासाठी ताजे पनीर घालावे, वरचे मुरवलेले चीज पूर्ण वगळावे.

शेवटी औषधविक्रेत्या बंधूंसाठी थोडे. चिठ्ठी पुन्हा छापायला द्याल तेव्हा 'चीज वर्ज्य' या दोन शब्दांच्या जागी तीन रकाने करून पाहावेत: कोणी, कोणत्या ऋतूत, किती. हे रकाने वैद्याने हाताने भरावेत. अर्धे मिनिट जास्त लागेल. आणि रविवारी सकाळी दुकानाच्या फळीशी येऊन 'काल जड झाले, काहीतरी द्या' म्हणणाऱ्या ग्राहकास सवयीने लवणभास्कर चूर्ण देण्यापूर्वी त्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे का, एवढे विचारावे. लवणभास्करात लवणांचे प्रमाण मोठे आहे, हे नावच सांगते. हिंग्वष्टकातही सैंधव आहेच. आदल्या रात्री चीजमधून जेवढे मीठ पोटात गेले त्यावर ही आणखी भर पडते. अशा ग्राहकास सुंठ घालून उकळलेले पाणी दिवसभर घोट-घोट घ्यायला सांगावे आणि भूक लागेपर्यंत लंघन. त्यात दुकानाची विक्री होत नाही हे आम्ही जाणतो. सुंठीची पुडी तेवढी विकावी.